कृपागुणांची समीक्षा

चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून पहिले तीन दिवस त्याविषयी कोणीही परीक्षण प्रसिद्ध करू नये, असा आदेश द्यावा, ही मागणी घेऊन तमिळ चित्रपट निर्मात्यांची एक संघटना डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. सरसकट बंदीचा आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि चित्रपटाविषयी मत मांडणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, याची जाणीव करून दिली. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, केरळ उच्च न्यायालयापुढे असेच गाऱ्हाणे आले होते. तेथे न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला आणि यूट्यूबसारख्या माध्यमांतून चित्रपटाचा निकाल लावणाऱ्या मंडळींनी निदान ४८ तास थांबावे, अशी सूचना केली. परीक्षणांनी चित्रपट मरतो, सबब परीक्षकाला थांबवा, असा या साऱ्या खटाटोपाचा मथितार्थ आहे.

दक्षिणेतल्या या वादांकडे महाराष्ट्राने त्रयस्थपणे पाहावे, अशी स्थिती नाही. मराठी निर्माता सहसा न्यायालयाची पायरी चढत नाही. तो विनवणी करतो. कर्ज काढून चित्रपट पुरा केला आहे, चित्रपटगृहे मिळत नाहीत, मिळालीच तर दुपारचा एखादा खेळ पदरात पडतो, अशा वेळी आपल्याच वर्तमानपत्रांनी तरी सांभाळून घ्यावे, अशी ती विनवणी असते आणि बहुधा ती मान्यही होते. तमिळ निर्मात्याला परीक्षकाचे तोंड तीन दिवस बंद करावयाचे होते. मराठी निर्मात्याने ते गोड करून घेतले आहे. या दोहोंपैकी चित्रपटाला अधिक घातक काय, असा प्रश्न केला, तर दुसरे, असेच उत्तर द्यावे लागेल. बंदीविरुद्ध निदान न्यायालयात उभे राहता येते. दयेविरुद्ध दाद कोठे मागावयाची?

प्रमाणपत्र, दर्जा आणि परीक्षण

नव्या मराठी चित्रपटाचा निवाडा तीन ठिकाणी होतो. पहिला निवाडा केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा. चित्रपट कोणी पाहावा आणि त्यातले काय कोणीच पाहू नये, एवढेच ते मंडळ ठरविते. चित्रपट चांगला की वाईट, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. दुसरा निवाडा राज्य शासनाचा. दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याच्या योजनेत शासनाने नेमलेली समिती चित्रपट पाहते, त्याला गुण देते आणि गुणांवरून दर्जा ठरतो. 'अ' दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख आणि 'ब' दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख रुपये, असे या योजनेचे स्वरूप अनेक वर्षे राहिले. ही रक्कम जनतेच्या करांतून जाते. मात्र अमुक चित्रपट 'अ' का आणि तमुक 'ब' का, याची कारणमीमांसा ज्या जनतेचा पैसा खर्च होतो, तिला सहसा वाचावयास मिळत नाही. तिसरा निवाडा वर्तमानपत्री परीक्षकाचा. त्याच्या हाती कात्री नसते आणि तिजोरीची किल्लीही नसते. तो आपल्या नावाने, उघडपणे, कारणे देऊन लिहितो, किंबहुना त्याने तसे लिहावे, अशी अपेक्षा असते. आणि त्याचे चुकले, तर कोणीही वाचक उठून तसे सांगू शकतो.

या तीन निवाड्यांतील फरक किती मोलाचा आहे, हे या शहराने जवळून पाहिले आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत 'जॉली एलएलबी २' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित होण्याच्या बेतात असता, त्यामुळे वकिली व्यवसायाची आणि न्यायसंस्थेची बदनामी होते, अशी तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल झाली. प्रमाणन मंडळाने चित्रपट संमत केलेला होता. तरीही न्यायालयाने तीन सदस्यांची समिती नेमली. समितीने चित्रपट पाहून अहवाल दिला. चार दृश्ये वगळण्याचा आदेश झाला, आणि निर्मात्यांनी ती वगळून १० फेब्रुवारीला चित्रपट प्रदर्शित केला. न्यायालयाच्या आदेशाविषयी येथे वाद घालावयाचा नाही. परंतु ती दृश्ये खरोखरच बदनामीकारक होती, की नुसतीच झोंबणारी होती, हे ठरविण्याची संधी सामान्य प्रेक्षकाला कधी मिळाली नाही, ही गोष्ट उरतेच. परीक्षण कितीही कठोर असो, चित्रपटाच्या एका फुटालाही ते हात लावीत नाही. चित्रपट जसा आहे तसा राहतो आणि त्यावरचे मतही राहते. प्रेक्षकाने दोन्ही ताडून पाहावीत. परीक्षणाला अटकाव करू पाहणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचा विचार केला पाहिजे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी उमेदवारीच्या काळात 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून चित्रपटांची परीक्षणे लिहिली आणि पुढे चित्रपटकार झाल्यावर पूर्वपरीक्षणाच्या पद्धतीला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७० सालचा तो निकाल त्यांच्या नावानेच ओळखला जातो. टीका करणे आणि कात्री चालविणे या परस्परविरोधी वृत्ती आहेत, हे त्यांच्या आयुष्यक्रमावरूनही दिसते.

ताऱ्यांचे अंकगणित

मग परीक्षणावर लोकांचा विश्वास का उरलेला नाही? याचे एक कारण असे की परीक्षण वाचलेच जात नाही. त्याच्या माथ्यावरचे तारे तेवढे पाहिले जातात. तारे देण्याची ही प्रथा १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वर्तमानपत्राने सुरू केली. तीन तारे म्हणजे उत्तम, दोन म्हणजे बरा, एक म्हणजे सामान्य, आणि तारा नाही म्हणजे वाईट, असा तेथील सरळ हिशेब होता. पुढे तीनाचे चार झाले, चाराचे पाच झाले आणि मग अर्ध्याचीही भर पडली. पाच तारे आणि अर्धे धरले, तर परीक्षकाच्या हाती दहा पायऱ्या येतात. त्यांपैकी प्रत्यक्षात किती वापरल्या जातात, हे पाहण्यासाठी कोणत्याही मराठी वर्तमानपत्राची वर्षभराची चित्रपट-परीक्षणे वाचकाने काढावीत आणि स्वतःच मोजावीत. अडीच, तीन आणि साडेतीन या तीन पायऱ्यांवरच बहुतेक मराठी चित्रपट दाटीवाटीने उभे असलेले त्याला आढळतील. ज्या मापपट्टीवर सारे पदार्थ सारख्याच लांबीचे भरतात, त्या पट्टीचा उपयोग काय?

या ताऱ्यांना दुसरे एक आयुष्य असते आणि ते जाहिरातीत सुरू होते. दुसऱ्या आठवड्याच्या जाहिरातीत निरनिराळ्या वर्तमानपत्रांची नावे आणि त्यांपुढे चमकणारे तारे यांची आरास मांडलेली असते. परीक्षकाने मूळ लेखात 'मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो' असे लिहिलेले असले, तरी ते वाक्य जाहिरातीत येत नाही, तारे येतात. आपले वाक्य नव्हे, आपला आकडा उचलला जाणार, हे परीक्षकालाही ठाऊक असते. म्हणून तो नापसंती वाक्यात ठेवतो आणि पसंती आकड्यात. लेख वाचला, तर तो दोन ताऱ्यांचा वाटतो. माथ्यावर मात्र तीन असतात. हा दुटप्पीपणा आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाला विसंगतीही वाटेनाशी झाली आहे.

अनेक परीक्षणांची बेरीज करून एकच आकडा काढणारी संकेतस्थळे निघाल्यापासून हा गोंधळ आणखी वाढला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असे अमेरिकेतील 'रॉटन टोमॅटोज' हे संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू झाले. त्यावर ९० टक्के असा आकडा दिसला, म्हणजे चित्रपटाला शंभरापैकी नव्वद गुण मिळाले, असा आपल्याकडे समज असतो. वस्तुतः शंभर परीक्षकांपैकी नव्वदांना तो एकंदरीत बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ आहे. किती बरा, हे तो आकडा सांगत नाही. हे प्रमाण ६० टक्के वा त्याहून अधिक भरले की चित्रपट 'ताजा' ठरतो. ज्याने कोणालाच दुखविले नाही आणि कोणालाच हलविले नाही, असा सपक चित्रपट या पद्धतीत शंभर टक्के मिळवू शकतो; आणि ज्याने अर्ध्या परीक्षकांना भारून टाकले व अर्ध्यांना चिडविले, असा धाडसी चित्रपट पन्नासावर अडकून 'नासका' ठरतो. कलेच्या इतिहासात कोणत्या प्रकारच्या कृतींनी पुढचा रस्ता खुला केला, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या हिशेबातील अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

दयेची किंमत

मराठी परीक्षक हात सैल का सोडतो, याला काही सबळ कारणे आहेत आणि ती नीट मांडली पाहिजेत. मोठ्या हिंदी चित्रपटाला परीक्षणाने फारसे काही होत नाही. त्याची जाहिरात महिनाभर आधीपासून घराघरांत पोचलेली असते आणि पहिल्या तीन दिवसांचा गल्ला परीक्षण वाचण्यापूर्वीच जमा होतो. लहान मराठी चित्रपटाचे तसे नाही. त्याला या शहरात एखादे-दुसरे चित्रपटगृह आणि अडचणीच्या वेळचा खेळ मिळतो. पहिल्या शुक्रवारी-शनिवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की सोमवारी तो खेळही जातो. मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ मिळावी म्हणून राज्य शासनाला एप्रिल २०१५ मध्ये निर्णय जाहीर करावा लागला, यावरूनच त्याची अवस्था कळते. अशा चित्रपटावर कठोर लिहिणे म्हणजे दुबळ्यावर हात उगारणे होय, असे परीक्षकाला वाटले, तर त्याच्या मनाचा तो चांगुलपणाच म्हटला पाहिजे.

परंतु या चांगुलपणाचा खर्च कोण सोसतो, हे पाहिले पाहिजे. परीक्षक सोसत नाही. निर्मातेही सगळे सोसत नाहीत. तो खर्च आधी प्रेक्षक सोसतो आणि नंतर चांगला चित्रपट सोसतो. कन्नडहून किंवा पैठणहून चार माणसांचे कुटुंब शहरात येऊन चित्रपट पाहावयाचे ठरविते, तेव्हा येणे-जाणे, तिकिटे आणि मुलांचे खाणे यांत हजार रुपये सहज जातात. साडेतीन ताऱ्यांवर विसंबून हे कुटुंब एकदा फसते, दुसऱ्यांदा फसते. तिसऱ्या वेळी ते येत नाही. आणि नेमका त्याच शुक्रवारी एखादा खरोखरीचा चांगला मराठी चित्रपट लागलेला असतो. त्यालाही साडेतीनच तारे मिळालेले असतात. फार तर चार. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकावून लावते, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धान्त स्तुतीच्या नाण्यालाही लागू पडतो. मोठ्या चित्रपटाला प्रसिद्धी विकत घेता येते. लहान चित्रपटाचे एकमेव भांडवल म्हणजे विश्वास बसेल अशी स्तुती. कृपागुणांच्या वाटपात हे भांडवलच बुडते. ज्याच्यावर दया करावयाची म्हणून हे वाटप सुरू झाले, त्याचाच त्यात घात होतो.

स्तुतीवर विश्वास बसला, म्हणजे काय होऊ शकते, हे 'श्वास'च्या वेळी दिसले होते. २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला जाहीर झाला. 'श्यामची आई'नंतर प्रथमच हा मान मराठीकडे आला होता. मोठा नट नाही, नाचगाणी नाहीत, नातवाच्या डोळ्यांच्या दुखण्यापुढे हतबल झालेल्या आजोबांची कथा. तरीही 'हा चित्रपट पाहाच' असे सांगितले गेले, तेव्हा लोकांना ते खरे वाटले. आज त्याच शब्दांत तेच सांगितले, तर किती जणांना ते खरे वाटेल?

आकडा सांगू शकत नाही ते

चांगले परीक्षण नेमके काय करते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्याच्या शेवटी न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काळोख होतो. चित्रपट संपला, असे वाटून प्रेक्षक उठू पाहतो. पण चित्रपट पुढे चालू राहतो आणि न्यायाधीश महाराज सहकुटुंब सहलीला निघालेले दिसतात. शाहीर तुरुंगात आहे, ही गोष्ट त्या सहलीत कोणाच्या गावीही नसते. हा शेवट असा का, कॅमेरा एवढा वेळ एकाच जागी स्थिर का, वकिलाच्या घरचे जेवण आणि बाजारहाट दाखविण्याचे प्रयोजन काय, हे प्रश्न प्रेक्षकाला पडतात. त्यांची उत्तरे देणारा एक परिच्छेद पुष्कळ काम करतो. चित्रपट कंटाळवाणा वाटून निघून जाणारा माणूस त्यामुळे कदाचित थांबतो, आणि थांबूनही आवडला नाही, तर का आवडला नाही, हे त्याला सांगता येते. चार तारे यांतले काहीच करीत नाहीत.

परीक्षक चुकतो, ही गोष्ट उघड आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला, तेव्हा प्रारंभीची परीक्षणे प्रतिकूल होती. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. ही गोष्ट परीक्षकांना हिणविण्यासाठी नेहमी सांगितली जाते. परंतु चित्रपट किती चालेल, याचे भाकीत करणे हे परीक्षकाचे कामच नव्हे; ते वितरकाचे काम. परीक्षकाने कारणे दिली असतील, तर चाळीस-पन्नास वर्षांनीही ती काढून त्यांत काय बरोबर आणि काय चूक होते, हे तपासता येते. सकारण चूक ही वादाला उपयोगी पडते. कारण न देता दिलेले तारे चूकही ठरू शकत नाहीत, कारण त्यांनी काही म्हटलेलेच नसते.

लागेबांधे जुनेच, पण उघड होते

परीक्षक आणि चित्रपटव्यवसाय यांचे लागेबांधे आजचे नाहीत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, त्याच वर्षी 'केसरी'ने त्यांची मुलाखत छापली. स्वदेशीच्या उद्योगाला हात द्यावा, ही त्यामागची भूमिका होती आणि ती लपविलेली नव्हती. बाबुराव पटेल यांनी १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया' सुरू केले आणि आपल्या जहरी लेखणीने भल्याभल्यांची झोप उडविली. पुढे त्यांनी स्वतःच 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' हे चित्रपट काढले आणि दोन्ही पडले. इतरांना धारेवर धरणाऱ्या परीक्षकाची परीक्षा सगळ्यांच्या देखत झाली. आचार्य अत्रे तर लेखक, संपादक आणि निर्माते, असे तिन्ही होते. 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, त्या काळात 'नवयुग' साप्ताहिक त्यांच्याच हाती होते. या माणसांना हितसंबंध नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाचकाला ते ठाऊक होते. अत्रे आपल्याच चित्रपटाची तारीफ करीत आहेत, हे जाणून वाचक ती तारीफ वाचीत असे आणि त्यातून वजावट करून घेत असे.

आज ही वजावट करण्याची सोय उरलेली नाही. परीक्षणाच्या वेषात येणारा मजकूर कोणी पैसे देऊन लिहवून घेतला आहे, कोणाला प्रवास व निवास फुकट मिळाला आहे, नटाची मुलाखत पुढल्या वेळीही मिळावी म्हणून कोणी हात आखडता घेतला आहे, हे वाचकाला कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी वेगळी सूचनावली प्रसिद्ध झाली. वस्तूची शिफारस करणाऱ्याचा तिच्या उत्पादकाशी आर्थिक संबंध असेल, तर तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे, असे त्यांचे सूत्र आहे. साबणाची शिफारस करणाऱ्याला जो नियम लागू, तो चित्रपटाची शिफारस करणाऱ्याने न मानण्याचे काय कारण? दक्षिणेतल्या निर्मात्यांच्या तक्रारीत तथ्यांश आहे तो एवढाच. पैसे न दिल्यास वाईट लिहीन, अशी धमकी कोणी देत असेल, तर ती खंडणी आहे आणि तिला प्रचलित फौजदारी कायदा पुरेसा आहे. तेवढ्यासाठी प्रामाणिक परीक्षकाला ४८ तास तोंड बांधून बसविणे हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल.

या शहराने काय करावे?

छत्रपती संभाजीनगरला या प्रश्नाचे सोयरसुतक असण्याचे खास कारण आहे. येथे भरणारा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी २०२५ मध्ये दहा आवृत्त्या पुऱ्या करून गेला. त्या वर्षीचा पद्मपाणी जीवनगौरव सई परांजपे यांना देण्यात आला. समीक्षक अशोक राणे यांनी या महोत्सवाच्या दिग्दर्शनाची धुरा वाहिली आणि 'फिप्रेसी' या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता त्याला आहे. याच महासंघाचा पुरस्कार २०२० मध्ये व्हेनिस येथे ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला मिळाला होता. जगभरचे समीक्षक एका मराठी चित्रपटाला सकारण गौरवितात आणि त्या समीक्षकांच्या महासंघाने मान्य केलेला महोत्सव आपल्या शहरात भरतो, ही भूषणावह गोष्ट आहे. परंतु महोत्सवाचे पाच दिवस संपले, की उरलेल्या तीनशे साठ दिवसांत या शहराला मराठी चित्रपटाविषयी जे वाचावयास मिळते, ते बहुतांशी मुंबईत लिहिलेले असते. मुंबईत तो चित्रपट खास खेळात, निमंत्रितांच्या मेळाव्यात पाहिलेला असतो. आपल्या चित्रपटगृहात, आपल्या प्रेक्षकांमध्ये बसून तो पाहणारा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने लिहिणारा परीक्षक येथे विरळा.

वास्तविक समीक्षेची उपेक्षा करावी, अशी या शहराची परंपरा नाही. वा. ल. कुलकर्णी यांच्यासारखा समीक्षक येथील विद्यापीठात शिकवून गेला. सुधीर रसाळ यांना २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षाग्रंथासाठीच. आणि ज्यांच्या जगण्याला प्रस्थापित समीक्षेच्या पट्ट्या लागू पडत नाहीत, त्यांच्या साहित्याची पट्टी कोणती, हा प्रश्न गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' या नियतकालिकातून याच शहरात वर्षानुवर्षे मांडला. दलित लेखकांना कृपागुण द्यावेत, असे 'अस्मितादर्श'चे म्हणणे नव्हते. तुमचे निकष तपासा, असे ते म्हणणे होते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तेव्हा नेमका हाच प्रश्न परीक्षकापुढे उभा राहतो. त्या चित्रपटाला सहानुभूतीचा अर्धा तारा जादा देणे हा त्याचा उपमर्द झाला असता. तो दगड कोणावर आहे, हे लिहिणे हा त्याचा सन्मान. सप्टेंबर २०२५ मध्ये रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' सनडान्सचा परीक्षक-पुरस्कार घेऊन आपल्याकडे प्रदर्शित झाला, त्यालाही आपल्याकडून हेच हवे होते: विषयाबद्दल शाबासकी नको, चित्रपटाबद्दल बोला.

तेव्हा उपाय फार अवघड आहेत, असे नव्हे. येथील वर्तमानपत्रांनी आपल्या परीक्षकाला तिकिटाचे पैसे द्यावेत आणि त्याने ते तिकीट काढून, रांगेत उभे राहून, चित्रपट पाहावा. त्याचा निर्मात्याशी काही संबंध असेल, किंवा त्याच पानावर त्या चित्रपटाची जाहिरात असेल, तर लेखाच्या अखेरीस एका ओळीत ते सांगावे. मराठी चित्रपटासाठी वेगळी, सवलतीची मापपट्टी ठेवू नये. अपुऱ्या साधनांचा उल्लेख जरूर करावा, पण तो लेखात करावा, गुणांत करू नये. तारे सोडवतच नसतील, तर ते लेखाच्या माथ्यावरून काढून तळाशी न्यावेत, म्हणजे तेथवर पोचण्यासाठी तरी वाचकाला लेख वाचावा लागेल. राज्य शासनाने 'अ' आणि 'ब' दर्जा देताना समितीची कारणे प्रसिद्ध करावीत. सार्वजनिक पैशाचा तो किमान हिशेब आहे. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी चित्रपट पाहून त्यावर चर्चा करण्याची जी सवय लावली, ती येथील महाविद्यालयांना लावून घेता येईल. परीक्षकाच्या चुका दाखवू शकणारा वाचक तयार झाला, की परीक्षक आपोआप सावध होतो.

हे केल्याने पहिल्या वर्षी काही मराठी चित्रपटांचे तारे कमी होतील आणि काही निर्माते दुखावतील, यात शंका नाही. परीक्षेत सर्वांनाच उत्तीर्ण करणारी शाळा काही दिवस लोकप्रिय होते. मग तिच्या प्रमाणपत्राला कोणी विचारीत नाही, आणि तिच्यातल्या हुशार मुलाला आपली हुशारी सिद्ध करण्यासाठी दुसरीकडे परीक्षा द्यावी लागते. मराठी चित्रपटातील हुशार मुले आज व्हेनिसला आणि सनडान्सला जाऊन परीक्षा देत आहेत आणि तेथून शिक्का घेऊन घरी परतत आहेत. त्यांना आपल्या गावी, आपल्या भाषेत, विश्वास ठेवावा असा एक शब्द मिळू नये, ही त्यांची नव्हे, आपली नामुष्की आहे.